मागे उरलेले कागद

18 जून 2025, बुधवार. डिचोली

क्रांतिदिन. 1946 साली याच तारखेला राममनोहर लोहिया मडगावात भर पावसात सभेला उभे राहिले होते. आजही तसाच कोसळतोय.

नातवाला कॉलेजात निबंध लिहायचाय: नव्याने स्वतंत्र झालेल्या एखाद्या आफ्रिकी देशापुढचे प्रश्न. त्याने मोझांबिक घेतलंय. येत्या बुधवारी त्या देशाच्या स्वातंत्र्याला 50 वर्षं होतील. "आजी, तुला त्यातलं काय माहीत?" म्हणाला. म्हटलं, देश माहीत नाही, मालक माहीत आहे. त्यांचा नि आमचा एकच होता, पोर्तुगाल.

19 जून, गुरुवार

नातवाला एक गोष्ट सांगितली, त्याने ती वहीत टिपून घेतली. डिसेंबर 1961 मध्ये भारतीय सैन्य गोव्यात शिरलं तेव्हा सुरक्षा परिषदेत शस्त्रसंधीचा ठराव आला होता. विरोधात चार मतं पडली: सोव्हिएत रशिया, सिलोन, लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक, म्हणजे इजिप्त. रशियाच्या नकाराधिकाराने ठराव पडला, हे सगळे सांगतात. चारांतले दोन देश आफ्रिकेतले होते, हे कोणी सांगत नाही.

संध्याकाळी नोटांचा विषय निघाला. 1959 पर्यंत इथे पोर्तुगीज रुपया चालायचा, मग एस्कुडो आला, आणि मुक्तीनंतर भारतीय रुपया. चार-पाच वर्षांत तीन चलनं. गोव्याच्या नोटा काढायचा बांक नासियोनाल उल्त्रामारिनु, आणि मोझांबिकच्याही तोच. त्यांनी 1975 च्या मे महिन्यात त्याच्या तिथल्या कारभारातून स्वतःची राष्ट्रीय बँक केली, तरी मेतिकाल हे आपलं चलन यायला 1980 उजाडलं. इथे मागे दिल्ली उभी होती, म्हणून चलनाचा प्रश्न लवकर सुटला. सोन्याचा मात्र नाही. गोवेकरांनी त्या बँकेत गहाण ठेवलेले दागिने लिस्बनला गेले ते 1991 साली परत आले. तीस वर्षं. ज्या लेकींच्या लग्नासाठी ते सोडवायचे होते, त्यांच्या लेकी तोवर लग्नाच्या झाल्या.

20 जून, शुक्रवार

सकाळी उघडीप होती म्हणून नातवाला मयेला घेऊन गेले. लोक मयेला तळं बघायला जातात. मी त्याला घरं दाखवली. म्हटलं, यातली कितीतरी घरं पिढ्यान्‌पिढ्या उभी आहेत, आणि तितक्याच पिढ्या त्यांच्याखालची जमीन दुसऱ्याची होती.

गाव मयेच्या काउंटाचा. मुक्तीनंतर मालक पोर्तुगालला. 1964 च्या कायद्याने सगळी मालमत्ता 'स्थलांतरितांची' ठरली आणि सरकारने तिच्यावर कस्टोडियन बसवला. म्हणजे मालक गेला आणि गाव राखणदाराच्या ताब्यात आलं. गावकऱ्यांनी आंदोलनं केली, अर्जांचे ढीग रचले; शेवटी 2014 साली ती मालकी रद्द करणारा कायदा झाला. मुक्तीला तेव्हा 53 वर्षं होत आली होती.

मोझांबिकमध्ये गोरे लोक घरं, कारखाने, मळे टाकून पळाले. समोरा माशेलच्या सरकारने महिनाभरात, 24 जुलै 1975 ला, जमीन सरकारजमा केली आणि शाळा-दवाखानेही. नातू म्हणाला, "मग त्यांचं बरं झालं, झटकन निकाल." बरं कसं? चालवणारा, शिकवणारा, हिशेब ठेवणारा माणूस जहाजात बसून गेलेला. दहांतल्या नऊजणांहून अधिक लोकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांनी वेळ वाचवला, पण माणसं कुठून आणायची? आमच्याकडे माणसं होती, वेळ मात्र भरपूर घालवला.

22 जून, रविवार. कोरगाव

पेडण्यात माहेरी आले. चिखलणी चालू आहे. भाऊ ढोपरभर चिखलात, गुडघे दुखतात म्हणून बांधावर बसत नाही, बसला तर उठता येत नाही म्हणतो. आमचं घर कूळ. आजोबांनी कसलं, बाबांनी कसलं. 1964 चा कूळ कायदा, मग 1976 ची पाचवी दुरुस्ती: कसणारा तो मालक. मुख्यमंत्री बांदोडकरांनी सुरू केलेलं त्यांच्या मुलीच्या, शशिकलाताई काकोडकरांच्या, कारकिर्दीत पुढे गेलं. आमच्या जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर मात्र कूळ म्हणून आजोबांचं नाव, कब्जेदार म्हणून भाटकाराचं, म्हणजे जमीनदाराचं. खरेदी सनदेचा अर्ज कचेरीत पडून आहे. मोपाचा विमानतळ झाल्यापासून उताऱ्यातल्या त्या दोन रकान्यांना किंमत आलीय. पूर्वी भांडण खंडाच्या भातावरून व्हायचं, आता चौरस मीटरवरून.

23 जून, सोमवार. डिचोली

परतताना खाणीचे डोंगर दिसले, पावसात लाल पाणी ओहोळात उतरत होतं. खनिज हा पोर्तुगिजांनी मागे ठेवलेला तिसरा कागद. त्यांनी खाणींचे परवाने कायमचे देऊन टाकले होते. ते रद्द व्हायला 1987 चा कायदा लागला, आणि त्याने तरी काय केलं, तर 20 डिसेंबर 1961 पासूनची ती लीज मानली. मुक्तीच्या दुसऱ्याच दिवसापासून! 2010-11 ला सुमारे पाच कोटी टन खनिज गोव्याबाहेर गेलं. 2012 ला पहिली खाणबंदी. 2014 ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की त्या लीजा 2007 मध्येच संपल्या होत्या. 2018 ला नूतनीकरण झालेल्या 88 लीजा रद्द. डिचोलीत हप्ते थकलेले टिप्पर दारादारांत उभे राहिले. डोंगर कोणाचा होता, हे डोंगर निम्मा संपल्यावर ठरलं.

24 जून, मंगळवार

नातवाचा शेवटचा प्रश्न: "मग गोवा यशस्वी आणि मोझांबिक अपयशी, असं लिहू?" नको म्हटलं. 1963 साली गोव्यातली पहिली निवडणूक जिंकलेला मगो, म्हणजे महाराष्ट्रवादी गोमंतक, पक्ष गोवा महाराष्ट्रात विलीन करायला निघाला होता. पेडणे, डिचोली, आम्ही फुलाच्या, म्हणजे विलीनीकरणाच्या, बाजूचे. बाकीचे दोन पानांचे, वेगळ्या गोव्याचे. घराघरांत फाटाफूट झाली. मतदान निष्पक्ष व्हावं म्हणून बांदोडकरांनी राजीनामा दिला. 16 जानेवारी 1967 ला जनमत कौल झाला, फूल 34,021 मतांनी हरलं आणि आम्ही घरी गेलो. बाबा दोन दिवस जेवले नाहीत, तिसऱ्या दिवशी नांगर घेऊन शेतात गेले.

मोझांबिकमध्ये असा कौल मिळालाच नाही. एक पक्ष, आणि शेजारी ऱ्होडेशिया नि दक्षिण आफ्रिका, बंडखोरांना पैसा-बंदुका पुरवणारे. 1977 ते 1992, पंधरा वर्षं यादवी. आमचा मोठा शेजारी आम्हाला गिळू पाहतो असं काहींना वाटलं, पण दिल्लीने मतपेटी पाठवली. त्यांच्या मोठ्या शेजाऱ्याने सुरुंग पाठवले. नातवाला सांगितलं, फरक माणसांत शोधू नकोस, शेजाऱ्यात शोध.

25 जून, बुधवार

मोझांबिकची पन्नाशी. नातवाने निबंध वाचून दाखवला. शेवटी त्याने लिहिलंय: राज्यकर्ते एका दिवसात जातात, त्यांच्या सह्या राहतात. वाक्य माझं आहे, पण मी काही बोलले नाही.

दुपारी भावाचा फोन. लावणी आटोपली. आमच्या अर्जावर सुनावणी होती, भाटकाराचा वकील आला नाही. पुढची तारीख सप्टेंबरात पडलीय.