बुलबुलाचं पिल्लू परत नेऊन ठेव

नागपूर, १२ मे २०२६
रात्री दीडचा सुमार

चि. मुग्धा हिस,


तुझा व्हिडिओ पाहिला आणि झोपच उडाली. तशीही इथे बाळ झोपू देत नाही, पण आत्ता ते निजलंय आणि मीच जागी आहे. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, ‘आत्या, ऐक ना’ म्हणत तूच बोलत राहतेस. म्हणून कागदावर लिहून त्याचे फोटो पाठवते आहे. उठल्या उठल्या वाच, चहाच्या आधी.

बुटाचा खोका, त्यात कापूस, कापसावर ते पिल्लू आणि छोट्या ओजसच्या हातात दुधाचा ड्रॉपर. खाली तुझं वाक्य: ‘अनाथ आहे बिचारं, आता मीच त्याची आई.’ अगं, अनाथ आहे हे ठरवलं कुणी? उचलण्याआधी तू तिथे लांब उभी राहून वाट पाहिलीस का?

मी व्हिडिओ थांबवून थांबवून पाहिला. लालबुड्या बुलबुलाचं पिल्लू आहे. अंगभर पिसं आलीत, डोळे टक्क उघडे, शेपूट अगदी आखूड, चोचीच्या कोपऱ्यांना अजून पिवळी कड. म्हणजे आपल्या पायांनी घरट्याबाहेर आलेलं पिल्लू. बुलबुलाची पिल्लं बारा-चौदा दिवसांची झाली की घरटं सोडतात, आणि तेव्हा त्यांना धड उडता येत नसतं. झुडपातून, कुंड्यांमागून धडपडत हिंडतात, भूक लागली की ओरडतात. आईबाप दोघंही चोचीत अळी धरून हाकेच्या दिशेने जातात आणि भरवतात. माणूस जवळ उभा असला की येत नाहीत, एवढंच. तुझ्या व्हिडिओत खिडकीबाहेर सारखा किटकिटाट चाललाय, तू बोलतेस त्याच्या मागे. पुन्हा ऐक. ती दोघं तिथेच आहेत, मुग्धा. पिल्लाला शोधताहेत.

आता तू म्हणशील, हात लागला, आता आई जवळ करणार नाही. हे आपल्याकडे घरोघरी सांगतात आणि त्यापायी किती पिल्लं खोक्यात मेली असतील! पंचवटीच्या वाड्यातली ती कावळीण आठव. आपले बापू रोज दुपारी गच्चीच्या दारात खुर्ची टाकून बसायचे आणि आपल्याला चूप करून दाखवायचे, कावळीण कोकिळेच्या पोराला भरवत असायची. आपल्या जातीचं नाही, तरी वासलेली लाल चोच समोर आली की तिला घास घातल्यावाचून राहवत नसे. दुसऱ्याचं पोर जी वाढवते, ती जात स्वतःचं पोर तुझ्या बोटांच्या वासासाठी टाकेल का?

म्हणून सांगते ते कर. उजाडताच खोका घेऊन खाली जा. जिथे सापडलं तिथेच, मेंदीच्या नाहीतर जास्वंदीच्या झुडपात, मांजराच्या उडीच्या वर, पण सावलीत, एका आडव्या फांदीवर त्याला बसव. बोटाने पायांना स्पर्श केलास की ते आपसूक फांदी पकडेल. मग वर जा आणि खिडकीतून पाहा. ओजसला बरोबर घे, त्यालाही दिसू दे. एक रात्र मध्ये गेली म्हणून आईबाप विसरत नाहीत.

दूध मात्र आत्ताच्या आत्ता बंद. पक्ष्याला दूध पचत नाही, जुलाब होतात. दुधातला ब्रेड तर दुहेरी अपाय, पोट भरतं आणि पोषण शून्य. त्याहून मोठी भीती ड्रॉपरची वाटते. पिल्लाच्या जिभेच्या मुळाशी श्वासनळीचं तोंड उघडं असतं. वरून थेंब सोडला की थेट फुप्फुसात जाऊ शकतो. पाणीसुद्धा असं पाजायचं नाही. त्याला लागणारं पाणी किड्या-अळ्यांतून मिळतं.

खरोखरच पोरकं पिल्लू असतं, उघडंबोडकं, थंडगार पडलेलं, तर गोष्ट वेगळी. त्याला आधी ऊब द्यायची, मगच घास. गार अंगाला अन्न पचत नाही. कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी, पायाखाली खरबरीत कापड. गुळगुळीत कागदावर पाय फाकतात ते पुन्हा सहजी सरळ होत नाहीत. कापूसही नको, नखं अडकतात. आणि दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत दर वीस-तीस मिनिटांनी भरवायचं. इथे एका बाळाला दर दोन तासांनी पाजताना आम्ही तिघीजणी मेटाकुटीला आलोय. तू नोकरी करून हे करणार? बुलबुलाची जोडी हे काम न थकता करते, तुझ्यामाझ्याहून शंभरपट चांगलं.

आणि समज, जगवलंस. पुढे काय? प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास करणाऱ्या कोनराड लोरेन्झ यांना १९७३ साली नोबेल मिळालं. त्यांच्यामागे राखी हंसांची पिल्लं आई समजून चालत. लोकांना ते गोड वाटतं. मला त्या पिल्लांची काळजी वाटते. तुझ्या खांद्यावर वाढलेल्या बुलबुलाला मांजर म्हणजे काय, शिक्रा दिसला की कुठे दडायचं, कोणती हाक धोक्याची, हे कोण शिकवणार? ते पुढच्या माणसाच्याही खांद्यावर जाऊन बसेल, आणि तो माणूस तुझ्यासारखा असेलच असं नाही. शिवाय १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला घरात पाळता येत नाही. पिल्लू जखमी असेल तर वन विभागाचा १९२६ क्रमांक फिरव, स्वतः दवाखाना थाटू नकोस.

आता मला खरं जे बोलायचंय ते. गेल्या नोव्हेंबरात कुंभमेळ्याच्या साधुग्रामासाठी तपोवनातली झाडं तोडू नयेत म्हणून तू फलक घेऊन उभी राहिलीस, मला तुझा किती अभिमान वाटला! आणि तुमच्याच सोसायटीत मे महिन्यात मेंदीच्या कुंपणाची सरसकट छाटणी होते, तेव्हा कुणी तोंड उघडत नाही. वीजवाले पावसाळ्याआधी म्हणून फांद्या उतरवतात, सोसायट्या नीटनेटकं दिसावं म्हणून झुडपं कापतात, आणि सगळं ऐन विणीच्या दिवसांत. पोरकी पिल्लं तिथे तयार होतात. छाटायचंच तर हिवाळ्याच्या तोंडाला छाटा, आणि आधी फांद्यांत डोकावून पाहा. हे सभेत मांड. माळीबुवांना दोष देऊ नकोस, ते सांगितलेलं काम करतात.

दुसरं, ती औषधफवारणी. मोहम्मद दिलावरांनी आपल्या नाशकातून चिमण्यांसाठी काम उभं केलं, २०१० साली २० मार्चला पहिला जागतिक चिमणी दिवस झाला. तूही दरवर्षी त्या दिवशी लाकडी घरटी वाटतेस. पण दाणे टिपणारी चिमणीसुद्धा पिल्लांना किडेच भरवते. हिरवळीवर महिन्यामहिन्याला विष मारलं की घरटी टांगून उपयोग काय? अळ्यांनी जास्वंदीची चार पानं खाल्ली तर खाऊ देत. त्याच अळ्या उद्या तुझ्या बुलबुलाच्या चोचीत जायच्या आहेत. मी हे वर्षानुवर्षं सांगते आणि सगळे मान डोलावतात.

रागावले आहे असं समजू नकोस. रस्त्यावरचं पिल्लू पाहून न थांबणाऱ्यांपेक्षा तू थांबलीस, हे मला फार मोलाचं वाटतं. वाड्यातल्या सगळ्या पोरांत तूच तशी होतीस.

पण आज रात्रीचं मला सुचत नाहीये. खोक्याला भोकं पाडलीस ना? खोका गॅलरीत ठेवला नाहीस ना? तिथे सकाळचं ऊन सरळ येतं आणि मेचं ऊन पिल्लाला सोसत नाही. रात्री त्याला खायला लागत नाही, अंधार आणि शांतता लागते, तेव्हा ओजसला सारखं झाकण उघडू देऊ नकोस. तळमजल्यावरच्या काकूंचं मांजर सकाळी किती वाजता सुटतं ते विचार आणि निदान दोन दिवस घरात ठेवा म्हणावं. मी सांगितलंय म्हण, माझा शब्द त्या मोडणार नाहीत.

पिल्लाला ठेवलंस की दोघांपैकी एक जरी जवळ आलं तरी मला लगेच फोन कर. दुपारपर्यंत कुणीच आलं नाही तरीही कर, पण दूध पाजू नकोस.

तुझी,
आत्या