हौद्याखालचा गंज

शाळेच्या स्मरणिकेत माजी विद्यार्थ्याने आपल्या पिकअप गाडीविषयी लिहावे, हे काहींना खटकेल. परंतु आमच्या पिढीतील कित्येकांचे संसार अशाच गाड्यांनी ओढले आहेत, म्हणून लिहितो.

2008 साली कर्ज काढून मी महिंद्राची पिकअप घेतली. जुन्नर तालुक्यातील टोमॅटो नारायणगावच्या बाजारात नेणे आणि माळशेज घाट उतरून वाशीला पोहोचवणे, हा तिचा नित्यक्रम. गाडी भरवशाची आहे असे आपण म्हणतो, तेव्हा बहुधा इंजिनाविषयी बोलत असतो. माझा अनुभव निराळा आहे. यांत्रिक पंपाचे जुने डिझेल इंजिन वेळेवर ऑइल-फिल्टर बदलले की फारशी कुरकुर करीत नाही. पिस्टन-रिंगा झिजल्या तरी बोअर करून पुन्हा उभे राहते. डिझेल संपून पाइपात हवा शिरली, तर ती काढण्याची विद्या आडगावच्या मिस्त्रीकडेही असते. गाडीचे आयुष्य ठरवतो तो तिचा सांगाडा.

टोमॅटोचा आंबट रस क्रेटमधून गळून हौद्याच्या सांध्यांत साचतो. त्यावर घाटातला पाऊस आणि चिखल. रंगाखाली गंज धरतो, तो वरून दिसत नाही. म्हणून रात्री कितीही उशीर झाला, तरी हौदा धुऊन, पाणी निथळावे यासाठी गाडी चढावर तोंड करून उभी करण्याचा नियम मी पाळला. (वसतिगृहात ताट घासून पालथे घातल्याशिवाय झोपायला परवानगी नसे, ती सवय इथे कामी आली.)

गेल्या पावसाळ्यानंतर पासिंगच्या तयारीत मिस्त्रीने मागच्या पाट्यांच्या ब्रॅकेटपाशी हातोडीने ठोकून पाहिले. खणखणीत आवाजाऐवजी बद्द आवाज आला. पट्टी वेल्ड करून घेतली, पासिंगही झाले. परंतु भरल्या गाडीने माळशेज उतरताना, गिअर कितीही खालचा ठेवला, तरी खड्ड्यांचा आणि ब्रेकचा मार त्याच सांध्यांना बसतो. धाकटा म्हणाला, "बाबा, आता हिला घाट नको." पत्नीचे म्हणणे, हिच्यावर दोन मुले शिकली, भंगारात देऊ नये. मी दोघांचेही ऐकले. वाशीच्या फेऱ्या आता मुलाच्या नव्या गाडीने होतात. जुनी नारायणगावापर्यंतच जाते, तीही निम्म्या क्रेटांनी. आणि दर महिन्याला मी तिच्याखाली शिरून त्या ब्रॅकेटवर हातोडी ठोकून कान देतो.