पासवर्ड बदलता येतो, पत्त्याचे काय?

१८ मे २०१७ रोजी झोमॅटोने आपल्या सुमारे १.७ कोटी वापरकर्त्यांची माहिती चोरीस गेल्याचे जाहीर केले. चोराने ती डार्क वेबवर विक्रीस मांडली होती. कंपनीच्या तपासात या चोरीचे मूळ २०१५ मध्ये सापडले. त्या वर्षी एका वेबहोस्टिंग सेवेतून पासवर्ड फुटले होते, आणि त्यांपैकी एक झोमॅटोच्या एका तंत्रज्ञाचा होता. तोच पासवर्ड गिटहबवरील खात्यालाही होता. तेथील संहिता वाचून चोराने तिच्यातील उणीव शोधली व तो थेट माहितीच्या साठ्यापर्यंत पोहोचला.

चोरीस गेलेले पासवर्ड मूळ रूपात नव्हते; त्यांचे हॅश केलेले होते. पिठापासून पुन्हा ज्वारीचे दाणे मिळत नाहीत, तसा हॅशवरून मूळ शब्द उलगडत नाही. परंतु अंदाजाने एकेक शब्द दळून पीठ जुळते का, हे मात्र पाहता येते. एमडी-५ या जुन्या पद्धतीत हे दळण फार वेगाने होते. म्हणूनच बीक्रिप्टसारख्या नव्या पद्धती मुद्दाम संथ रचलेल्या असतात.

हॅश उलगडलाच, तरी पासवर्ड बदलता येतो. २०२१ मध्ये डॉमिनोज इंडियाच्या सुमारे १८ कोटी ऑर्डरींची माहिती फुटली, तेव्हा हा दिलासा उरला नाही. दूरध्वनी क्रमांक टाकताच त्या व्यक्तीने पदार्थ कोठे मागवले, हे दाखवणारी सोय कोणीतरी उघडून ठेवली होती. एकटी राहणारी स्त्री किंवा कोणाच्या पाठलागाला कंटाळून घर बदललेला माणूस यांच्यासाठी ही केवळ गैरसोय नव्हे.

पत्त्याचा हॅश करून भागत नाही, कारण जेवण पोहोचवणाऱ्याला तो वाचता यावा लागतो. कुलपे मजबूत करणे आवश्यक आहेच. पण साठवलेलेच नाही, ते चोरीसही जात नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने हेतू संपल्यावर माहिती पुसण्याचे तत्त्व स्वीकारले असून सुरक्षेतील कसुरीस २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली आहे. मात्र हेतू कधी संपला, हे ठरवणे सोपे नाही. मागच्या ऑर्डरी दिसत राहाव्यात, ही ग्राहकाचीही इच्छा असते. त्या सोयीसाठी आपला पत्ता किती वर्षे कोठे पडून राहावा, याचा विचार मात्र ग्राहक क्वचितच करतो.