टपालावर वाढलेले घराणे

कॉर्नेल्लो, इटली



थुर्न उंड टाक्सिस हे जर्मनीतले बडे सरदार घराणे. पण मूळ गाव आल्प्सच्या इटालियन बाजूचे, बेर्गामोजवळचे कॉर्नेल्लो. डोंगरकडेच्या या खेड्यात जुनी वाट दगडी घरांखालच्या कमानींतून जाते. इथले तास्सो लोक, म्हणजेच पुढचे टाक्सिस, व्हेनिसचे जासूद होते. १४९० साली राजा माक्सिमिलियनने, म्हणजे पुढच्या पवित्र रोमन सम्राटाने, इन्सब्रुक ते मेखेलेन अशी डाक बसवण्याचे काम त्यांच्यावर सोपवले आणि नशीब उघडले.

ब्रसेल्स

घराण्याची खरी जडणघडण इथली. १५०५ साली फ्रान्त्स फॉन टाक्सिसने जो करार केला, त्यात ब्रसेल्सहून इन्सब्रुकला पत्र उन्हाळ्यात साडेपाच आणि हिवाळ्यात साडेसहा दिवसांत पोचवण्याची हमी होती. दर चौकीवर ताजा घोडा, नवा स्वार. थैलीबरोबरच्या कागदावर प्रत्येक चौकीवाला वेळ टिपून ठेवी, म्हणजे उशीर कोणाकडे झाला ते लपत नसे. फार निकडीच्या पत्रावर ‘सितो, सितो’ (लवकर, लवकर) असे लिहीत आणि कधी कधी शेजारी फासाचा खांबही काढत. डाक बाहेरच्या लोकांनाही खुली झाली तशी कमाई वाढली. १६१५ साली साम्राज्याचे टपालप्रमुखपद वंशपरंपरागत झाले. १६२८ साली कर्ता पुरुष गेला, मुलगा लहान. ऐन तीस वर्षांच्या युद्धात त्याच्या विधवेने, आलेक्सांद्रिनाबाईंनी, १६४६ पर्यंत कारभार सांभाळला. मिलानच्या जुन्या तोर्रे घराण्याशी नाते जोडण्याचा उद्योगही त्यांचाच. पैसा आला की कुळी सापडायला वेळ लागत नाही! १६५० पासून नावात ‘थुर्न’ (तोर्रेप्रमाणेच अर्थ ‘बुरूज’) आले, चिन्हातल्या बिज्जूशेजारी बुरूज आला. १६९५ साली साम्राज्याने ‘प्रिन्स’ ही पदवी मान्य केली.

रेगेन्सबुर्ग

अठराव्या शतकात घराणे आधी फ्रँकफर्टला, मग १७४८ साली इथे आले. साम्राज्याची कायमची संसद या शहरात भरत असे आणि तिथे सम्राटाचा प्रतिनिधी म्हणून टाक्सिस प्रिन्स बसे. हा मान खर्चिक होता, टपालाच्या उत्पन्नावरच तो पेलला. त्याच टपालात व्हिएन्नातल्या सम्राटासाठी लोकांची पत्रे गुपचूप फोडली जात, हे मात्र दरबारी थाटात दिसत नसे.

१८०६ साली साम्राज्य संपले. बव्हेरियाने टपाल ताब्यात घेऊन १८१२ साली बदल्यात सेंट एमेरामचा मठ दिला. त्याचाच पुढे राजवाडा झाला. इतर अनेक जर्मन संस्थानांत मात्र टाक्सिस टपाल चालू राहिले. १८५२ पासून त्याची तिकिटे निघाली, उत्तरेसाठी ग्रोशनमध्ये आणि दक्षिणेसाठी क्रॉयत्सरमध्ये, कारण दोन्हीकडची नाणी वेगळी. ऑस्ट्रियाविरुद्धचे युद्ध जिंकलेल्या प्रशियाने १८६७ साली तीस लाख टालर मोजून उरलेला कारभार घेतला. घराण्याकडे जंगले आणि जमिनी राहिल्या. एमेरामच्या वाड्यात कुटुंब अजून राहते. काही दालने तिकीट काढून पाहता येतात.