अंगण आखताना

घर बांधून झालं आणि अंगणाचा प्रश्न आला. "सगळीकडे पेव्हर ब्लॉक टाकू, चिखलाची कटकटच नको," हे म्हणाले. सासूबाई गप्प होत्या. दुसऱ्या दिवशी पाहते तो, जुन्या घरून आणलेलं पारिजातकाचं रोप त्यांनी शेजारणीला द्यायला काढून ठेवलेलं!

मला राहवेना. शाळेत मुलांना मी शिकवते, एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. तोच हिशेब ह्यांच्यापुढे मांडला. आमचं अंगण ४० चौरस मीटर. ५० मिलिमीटर पाऊस झाला की दोन हजार लिटर पाणी! ते गटारात सोडायचं आणि उन्हाळ्यात टँकर मागवायचा?

अखेर फाटकापासून दारापर्यंत शहाबादी फरशी घातली, बाकी माती राखली. उतार झाडांकडे दिला. पारिजातकाजवळ सासूबाईंना टेकायला बुटका कट्टा बांधला.

चिखल होतो, पायपुसणी रोज धुवावी लागतात. पण आता पहाटे सासूबाई परडी घेऊन फुलं वेचताना दिसतात. मैत्रिणींनो, अंगण आखण्याआधी घरातल्या गप्प बसलेल्या माणसाला जरूर विचारा.