गाडी निघाली, आणि मग!

अहो, थांबा! चहा खाली ठेवा! पोस्टग्रेसच्या पोटात काय चालतं ते मला कळलंय! म्हणजे, थोडंसं कळलंय. मी काही इंजिनिअर नाही, जळगावात केळीच्या गाड्यांचा हिशेब ठेवणारा माणूस. धुळ्याच्या भाच्यानं हा फुकटचा डेटाबेस बसवून दिला. गाडी भरली, सावद्याहून निघाली, दिल्लीला पोचली. गाडी तीच, बदलते फक्त स्थिती!

तर ऐका! नोंद बदलली की हा पठ्ठ्या जुनी ओळ खोडतच नाही! नवी लिहितो आणि जुनी राहू देतो, कारण त्याच क्षणी कुणी ती वाचत असेल तर! केवढा सज्जनपणा! पण पूर्वी व्हायचं काय, तर दर नव्या ओळीमागे प्रत्येक इंडेक्समध्ये नवी नोंद, गाडी नंबरच्या, तारखेच्या, शेतकऱ्याच्या, आणि मग मेलेल्या ओळींचा ढीग, आणि मग तो उपसायला व्हॅक्यूम, आणि मग सगळंच जड!

आणि मग आले पुण्याचे पवन देवलसी! त्यांनी लिहिलं ‘हीप ओन्ली टपल’, थोडक्यात हॉट. इंडेक्समधला एकही रकाना बदललेला नाही आणि त्याच आठ केबीच्या पानावर जागा आहे? मग नवी ओळ तिथेच लिहा, जुनी पुढे बोट दाखवेल! भाडेकरूनं वाड्यातल्या वाड्यात खोली बदलली तर पोस्टमनला कशाला कळवायचं? इंडेक्सला काही पत्ताच नाही! आणि मेलेल्या ओळी? कुणी ते पान नुसतं वाचायला आलं तरी जाता जाता झाडून जातं! वाचता वाचता झाडलोट! मी हे दोनदा वाचलं, खरंच तसंच आहे!

आणि हे एकट्याचं काम नाही हं! कल्पना कितीतरी जणांच्या, कोड देवलसींचा, आणि मग तो अनेकांनी तपासला, आणि मग अमेरिकेतल्या टॉम लेन यांनी हात फिरवून सप्टेंबर २००७ मध्ये आत घेतला, आणि मग फेब्रुवारी २००८ मध्ये ८.३ आवृत्तीतून तो जगभर गेला, आणि मग कधीतरी जळगावात, माझ्या केळीच्या हिशेबात! आवृत्तीच्या टिपणात देवलसींचं नाव आहे, आणि लगेच अनेकांच्या कल्पनांचा उल्लेखही. असं आमच्या बाजारात कुणी करेल का!

तुमच्याकडे पोस्टग्रेस असेल तर आत्ता बघा! ‘पीजी स्टॅट यूजर टेबल्स’ उघडा. एकूण बदल किती आणि त्यातले हॉट किती, दोन्ही आकडे तिथेच! माझे जवळजवळ सारखे! मी उठून उभाच राहिलो. मग फिलफॅक्टर नव्वदवर आणला, म्हणजे नव्यानं भरणाऱ्या पानांवर दहा टक्के जागा मोकळी. (हे शब्द मी आता रुबाबात वापरतो.)

एवढ्यात भाच्याचा फोन. “मामा, रिपोर्ट हळू येतोय, स्थितीच्या रकान्यावर इंडेक्स टाकू?”

“अरे, हात लावू नकोस!” मी ओरडलो. तोच रकाना तर दिवसभर बदलतो! त्यावर इंडेक्स टाकला की हॉट गेलं! पलीकडे शांतता. मग म्हणतो, “मामा, हे तुम्हाला कुणी सांगितलं?”