आपल्या गाडीवर परमुलखात

तीन देशांत बुलेट फिरवून आलो म्हटलं की साताऱ्यात पहिला प्रश्न येतो, "ॲव्हरेज किती दिलं?" दुसरा प्रश्न, "पंक्चर किती झाली?" कागदपत्रांचं कुणीच विचारत नाही. खरं तर गाडीवरून देशाबाहेर जायचा विषय कागदांपासूनच सुरू होतो. इराणकडे स्वतःची गाडी न्यायची तर कार्ने नावाचा दस्तऐवज लागतो. गाडी तिकडे विकणार नाही, परत आणीन, याची हमी म्हणून बरीच रक्कम अडकवून ठेवावी लागते. वर गाडी बोटीनं पाठवायचा खर्च. नोकरदार माणसाचा उत्साह तिथंच मावळतो. नेपाळ आणि भूतान या दोन शेजाऱ्यांकडे मात्र आपण व्हिसाशिवाय, कार्नेशिवाय, आपल्याच नंबरप्लेटवर जाऊ शकतो. लेह-लडाख करून आलेल्या आपल्याकडच्या कितीतरी लोकांच्या हे ध्यानातच येत नाही.

2019 च्या दसऱ्याला गाड्या धुतल्या, झेंडूचे हार घातले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो. मी आणि माझा मेहुणा, दोघांच्या दोन बुलेट, दोन्ही एमएच 11. मेहुण्याचं गॅरेज आहे, त्यामुळे सामान भरण्यावरून घरापासूनच वाद. मी स्वेटर वाढवला की तो म्हणायचा, "दाजी, थंडीनं माणूस मरत न्हाई, क्लच वायर तुटली की मरतो." शेवटी दोन क्लच वायरी, दोन ट्यूब, प्लग, चेनची लिंक, टायर लिव्हर आणि हातपंप एवढं सामान गेलं. जादा क्लच वायर त्यानं जुन्या वायरीच्या बरोबरीनं आधीच ओवून, पट्ट्यांनी बांधून ठेवली होती. तुटलीच तर फक्त दोन्ही टोकं अडकवायची.

नागपूर, जबलपूर, रेवा, प्रयागराज, गोरखपूर. या रस्त्याबद्दल एवढंच सांगतो की तो लांब आहे.

सोनौलीला देशाची हद्द म्हणजे एक कमान आणि तिच्याआधी ट्रकांची न संपणारी रांग. पायी माणसं, सायकली, रिक्षा, भाजीच्या पाट्या हे सगळं आरपार चालू असतं, कुणी कुणाला अडवत नाही. गाडीवाल्याला मात्र पलीकडे बेलहियाला थांबावं लागतं. तिथं भन्सार, म्हणजे त्यांचं जकात खातं. गाडी किती दिवस ठेवणार ते सांगायचं, दिवसागणिक पैसे भरायचे, पावती घ्यायची. मग यातायातचा, म्हणजे वाहतूक खात्याचा, दुसरा कागद. भारतीय गाडीला वर्षात 30 दिवसांची मुभा, आणि पावतीवरचे दिवस उलटले की दंड. तेव्हा इथं काटकसर न करता चार दिवस वाढवूनच भरावेत, कारण डोंगरात दरड कोसळली की आपला हिशोब कोसळतो. आम्ही पोचलो तेव्हा त्यांचं दशैं अजून संपलं नव्हतं. खिडकीतल्या कारकुनाच्या कपाळभर तांदूळ, दही आणि शेंदराचा ओला लाल टिळा होता. आपण दसरा एका दिवसात आटोपतो, तिथं टिळे लावायला नातेवाईक पौर्णिमेपर्यंत या घरून त्या घरी जात असतात. साहजिकच बसच्या टपावर माणसं, बोचकी आणि बोकड.

घड्याळ पंधरा मिनिटं पुढं करायचं आणि पाकिटात शंभराच्या नोटा ठेवायच्या. तेव्हा शंभरावरच्या भारतीय नोटा नेपाळमध्ये चालत नव्हत्या. आपला एक रुपया म्हणजे त्यांचे एक रुपया साठ पैसे, हा भाव 1993 पासून बांधलेला आहे. त्यामुळे चहाच्या टपरीपासून लॉजपर्यंत भाव विचारला की उलट प्रश्न येतो, "आयसी की एनसी?" म्हणजे भारतीय की नेपाळी. पहिल्या दिवशी गोंधळ होतो, दुसऱ्या दिवसापासून आपणच तो प्रश्न विचारू लागतो.

बुटवल सोडलं की सिद्धबाबाचा कडा येतो. रस्त्याच्या एका अंगाला दगड सुटणारा डोंगर, दुसऱ्या अंगाला नदी. तिथं थांबून फोटो काढू नका, एवढं सगळेच सांगतात. तानसेनमार्गे पोखरा. पोखरा सुंदर आहे, पण त्यावर पुष्कळांनी लिहिलंय. मला सांगायचंय ते बेनीच्या पुढचं.

बेनीपासून जोमसोमपर्यंत रस्ता काली गंडकीच्या काठानं चढतो. एका हाताला धौलागिरी 8,167 मीटर, दुसऱ्या हाताला अन्नपूर्णा 8,091 मीटर, मधल्या फटीतून नदी. त्या वर्षी रुंदीकरण चालू होतं, म्हणजे रस्ता नव्हताच. कुठं गुडघाभर चिखल, कुठं पिठासारखी बारीक धूळ, कुठं धबधब्याचं पाणी थेट रस्त्यावरून. उभं राहून, पहिल्या गिअरमध्ये, क्लच न दाबता गाडी एकाच गतीनं ओढत राहायची, हे एकदा अंगवळणी पडलं की निभतं. समोरून जीप आली की वळणाआधीच तिचा हॉर्न ऐकू येतो, आपणही द्यायचा. ज्याला जागा असेल तो थांबतो. त्यावरून हुज्जत मी एकदाही पाहिली नाही.

तातोपानीला एका दिदीच्या हॉटेलात जेवलो. गाडीची नंबरप्लेट बघून तिनं ताट मांडता मांडता विचारलं, "महाराष्ट्र? पूना?" तिचा नवरा हडपसरला एका सोसायटीत वॉचमन होता, ती चार घरची कामं करायची. "तिकडं पोळ्या लाटायला शिकले, इथं कोण खातं पोळ्या!" हे वाक्य चक्क मराठीत. डाळ, भात, साग, गुंद्रुक म्हणजे आंबवून वाळवलेली पालेभाजी, मुळ्याचं लोणचं, आणि डाळभाताला कितीदाही वाढप. मेहुण्यानं तिसऱ्यांदा भात घेतला तेव्हा ती म्हणाली, "भैय्या, गाडी कशी चढणार?"

जोमसोमच्या खोऱ्यात वाऱ्याचं वेळापत्रक असतं. सकाळी दहा-अकरापर्यंत शांत, मग दक्षिणेकडून जो सुटतो तो संध्याकाळपर्यंत. जोमसोमची विमानंही म्हणूनच सकाळीच उडतात. आम्ही दुपारी नदीच्या पात्रात होतो. मागचं चाक डोलायला लागलं. उतरून पाहिलं तर टायर बसलेला. मेहुण्यानं पक्कड लावून खिळा ओढला, तळहातावर घेऊन वर धरला. चौकोनी अंगाचा, चपट्या डोक्याचा, बोटाच्या पेराएवढा. "दाजी, ह्यो नालेचा खिळा हाय." त्या वाटेनं खेचरांचे तांडे जातात, त्यातल्याच एखाद्याच्या नालेतून गळलेला.

चाक काढून ट्यूब बाहेर ओढली. ठिगळ लावायला सोल्युशन लावलं की वाळण्याआधी त्यावर वाळूचा थर. तोंडाला फडकं बांधलेलं, तरी दातांखाली वाळू करकरत होती. तेवढ्यात वरून एक जीप आली. ड्रायव्हरनं काच खाली करून एकदा पाहिलं, काही न बोलता जीप वळवून वाऱ्याच्या बाजूला आमच्या आडवी लावली आणि इंजिन बंद करून बिडी ओढत बसला. तिच्या आडोशाला मेहुण्यानं ठिगळाचा नाद सोडून नवी ट्यूब घातली. आतल्या प्रवाशांतही कुणी कुरकुरलं नाही. चाक बसल्यावर मी पैसे पुढं केले तर त्यानं हात हलवला. "कल से सुबह चलना," एवढं म्हणून निघून गेला.

कागबेनीला टेबलांवर शाळिग्राम मांडलेले असतात. आमच्या देवघरात आजोबांच्या वेळचा एक आहे, त्याला रोज तुळस वाहिली जाते. तो कुठून आला असेल हे कधी मनातही आलं नव्हतं. काली गंडकीचा तो काळा दगड म्हणजे अमोनाइट या समुद्री जिवाचा जीवाश्म. हिमालय उठण्याआधी इथं टेथिस समुद्र होता, त्याच्या तळातला. शंखाचं वेटोळं दगडात जसंच्या तसं दिसतं. पात्रात उतरून हातानं दगड उलटे करत बसलो, बराच वेळ, आणि एकही मिळाला नाही. विकतचा घेतला नाही.

मुक्तिनाथ 3,700 मीटरच्या वर. कार्ब्युरेटरच्या गाडीला तिथं हवा कमी आणि पेट्रोल जास्त होतं, जोर निघून जातो. दुसरा गिअर टाकला की लगेच पहिल्यावर यावं लागे. देवळामागच्या 108 धारांखालून लोक पळत न्हाऊन जातात. विष्णूचं हे क्षेत्र बौद्धांनाही तितकंच पवित्र आहे, आणि पूजेची व्यवस्था बौद्ध भिक्षुणीही पाहतात. कुणाला त्याचं नवल वाटत नाही.

तिथून उतरून पूर्वेकडे वळलो. मेची ते महाकाली असा नेपाळच्या आडव्या अंगभर गेलेला महेंद्र राजमार्ग 1,027 किलोमीटरचा आहे. त्यातला पूर्वेकडचा बराचसा धरून, कोशी बॅरेजच्या 56 दरवाजांवरून, काकडभिट्ट्याला बाहेर पडलो. भन्सारच्या पावतीवर शिक्का घेतला, मेची नदीचा पूल ओलांडला की परत भारत. सिलिगुडी, चहाचे मळे, जयगाव. घड्याळ पंधरा मिनिटं मागं घेतलं होतं, ते आता अर्धा तास पुढं करायचं. कारण जयगावच्या बाजारपेठेतल्या एका रंगीत दरवाजापलीकडे भूतान आहे.

दरवाजाच्या अलीकडे हातगाड्या, कर्णे, पानाच्या पिचकाऱ्या. पलीकडे फुन्शोलिंगमध्ये फुटपाथ, आणि माणसं झेब्रा पट्ट्यांवरूनच रस्ता ओलांडतायत. अंतर दहा पावलांचं. भूतानला आधार कार्ड चालत नाही, पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं. इमिग्रेशनमध्ये फोटो, बोटांचे ठसे, मुक्कामाचा तपशील. त्यानंतर वाहतूक खात्यात गाडीचं आरसी, विमा, पीयूसी दाखवून गाडीचा वेगळा परवाना. तेव्हा शनिवार-रविवार कार्यालय बंद असे. हा परवाना थिम्फू आणि पारोपुरताच होता. पुनाखाला जायचं तर थिम्फूत पुन्हा अर्ज करावा लागे. नेपाळमध्ये अर्ध्या तासात झालेल्या कामाला इथं दिवस गेला, पण एकाही टेबलावर कुणी चहापाणी मागितलं नाही.

फुन्शोलिंगपासून रस्ता तराईतून थेट धुक्यात चढतो. हा रस्ता आपल्या सीमा सडक संघटनेच्या 'दंतक' प्रकल्पानं बांधला, 1961 पासून ते लोक तिथं आहेत. पुढं मालानं भरलेला ट्रक होता. मी मागं लागलो, अंगठा सवयीनं हॉर्नवर गेला, पण दाबायची वेळच आली नाही. त्यानं आरशात पाहिलं, डावीकडे घेतलं, इंडिकेटर देऊन पुढं जा म्हणून सांगितलं. पुढच्या ट्रकनंही तेच. थिम्फूपर्यंत हॉर्न वाजला नाही, आमचा नाही आणि दुसऱ्याचाही नाही.

थिम्फूत एकही सिग्नल नाही. एकदा बसवला होता, लोकांना तो रुक्ष वाटला म्हणून काढला. मुख्य चौकात नक्षीदार छत्रीखाली पांढरे हातमोजे घातलेला पोलीस हातांनी वाहतूक चालवतो. एका शाळकरी पोरासाठी झेब्रापाशी थांबलो तर पलीकडे पोचून त्यानं वळून कमरेत वाकून नमस्कार केला. मेहुणा हेल्मेटच्या आतून म्हणाला, "दाजी, आता आयुष्यभर थांबावं लागणार." एमा दात्शी, म्हणजे मिरच्यांची चीजमधली भाजी, कोल्हापूरच्या माणसाचाही घाम काढते. दोचुला खिंडीत धुक्यात 108 चोर्तेन, म्हणजे बौद्ध स्तूप, दिसले. 2003 मध्ये भारतातल्या बंडखोरांचे तळ उठवताना पडलेल्या सैनिकांची ती स्मारकं आहेत. आपल्या बाजूच्या भांडणात शेजाऱ्यानं माणसं गमावली, हे आपल्याकडे किती जणांना माहीत असेल? पारोवरून 3,988 मीटरचा चेले ला घाट चढलो, हा भूतानमधला सर्वांत उंच गाडीरस्ता. पूर्ण डांबरी.

नेपाळ पावती फाडून आपलं म्हणतो आणि पुढं रस्त्याचं तुमचं तुम्ही बघा म्हणतो. पण तुम्ही अडलात की कुणीतरी जीप आडवी लावतोच. भूतान दारातच सगळं तपासून घेतो, मग आत तुम्हाला कशाचीच काळजी करू देत नाही. मला विचाराल तर आधी नेपाळ करा, मग भूतान. नेपाळमध्ये गाडी आणि हात तयार होतात. उलट क्रमानं गेलात तर भूतानच्या शिस्तीनंतर बेनीचा रस्ता जाचक वाटेल.

आम्ही गेलो त्यानंतर भूतान कोविडमुळे बंद झाला आणि सप्टेंबर 2022 मध्ये उघडला तो भारतीयांना माणशी, रात्रीला 1,200 रुपये शुल्क लावून. गाड्यांचे नियमही तेव्हापासून बदलत आले आहेत, तेव्हा निघण्याआधी त्या-त्या कार्यालयाचे ताजे दर पाहून घ्या. ऑक्टोबर-नोव्हेंबर उत्तम. मूळ आरसी आणि मतदार ओळखपत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा, नेपाळात डोंगर सकाळीच पार करा, आणि जादा ट्यूब विसरू नका.